गड यादीत आला, पण राखणार कोण?

२०२५ च्या जुलैमध्ये आपले किल्ले जागतिक वारसा यादीत गेल्यापासून या सदराला जेवढी पत्रं आणि मेल आलेत तेवढे आधी कधी आले नव्हते. त्यातली निम्मी तर नुसती अभिनंदनाची आहेत, म्हणजे जणू काही यादी मीच केली. असो. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून सारखे सारखे आलेले प्रश्न निवडलेत, नावं छापली नाहीयेत, फक्त गावं दिलीत.

ताई, शिवनेरी आता युनेस्कोचा झाला का? आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की गडाची मालकी बाहेरच्यांकडे गेली आणि आता वर जायला त्यांची परवानगी लागणार, आणि दुसरा मेसेज असा की प्रत्येक गडाला कोट्यवधी रुपये मिळणार. नक्की खरं काय? (एक वाचक, जुन्नर)

दोन्ही मेसेज डिलीट करा. गड कुणाचाच झालेला नाही, जो आधी ज्याच्याकडे होता त्याच्याचकडे आहे. युनेस्कोचा एक करार आहे १९७२ चा, त्यावर आपण १९७७ मध्ये सही केली, आणि त्या करारात देश जगाला एवढंच सांगतो की बाबांनो ही जागा सगळ्या मानवजातीच्या दृष्टीने मोलाची आहे आणि ती आम्ही आमच्या कायद्याने सांभाळू. "आम्ही" आणि "आमच्या कायद्याने" हे दोन शब्द लोक वाचतच नाहीत. म्हणजे दर्जा त्यांचा, जबाबदारी आपली. पैशाचं म्हणाल तर जागतिक वारसा निधी नावाचा एक फंड आहे पण तो तसा लहान आहे, आणि त्यातून मुख्यतः गरीब देशांना आणि संकटात सापडलेल्या जागांना मदत जाते. आपल्या गडावरच्या पायऱ्या बांधायला तिकडून चेक येणार नाही, तो आपल्याच तिजोरीतून यायचा.

आता मालकीचं नीट सांगते कारण यात भले भले गोंधळतात. यादीत "मराठा लष्करी भूप्रदेश" या नावाने एकूण १२ किल्ले गेलेत: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतली जिंजी. यातले ८ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, म्हणजे आपण ज्याला एएसआय म्हणतो त्यांच्याकडे आहेत आणि साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड हे ४ राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. तुमचा शिवनेरी एएसआयचा. हे माहीत असणं का महत्त्वाचं, तर गडावर दगड ढासळला, कुणी खोदकाम करताना दिसलं तर तक्रार कुणाकडे करायची हे त्यावर ठरतं. केंद्राच्या स्मारकाची तक्रार राज्याकडे केली की अर्ज सहा महिने नुसता या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो, मी स्वतः हे केलंय आणि शेवटी उत्तर काय आलं तर "सदर बाब आमच्या अखत्यारीत नाही". तेव्हापासून मी गडावर गेले की देवदर्शनाच्या आधी पाटी वाचते.

आणि अजून एक, हे सगळं एका रात्रीत झालेलं नाही. आधी देशाला आपली एक टेंटेटिव्ह लिस्ट द्यावी लागते, म्हणजे इच्छुकांची यादी म्हणा. आपले किल्ले त्या यादीत २०२१ ला गेले, मग जाडजूड प्रस्ताव, मग युनेस्कोला सल्ला देणाऱ्या इकोमॉस या संस्थेचे तज्ज्ञ येऊन प्रत्येक गड चढून गेले (इकोमॉस सांस्कृतिक जागा तपासतं, निसर्गाच्या जागा आययूसीएन ही दुसरी संस्था तपासते) आणि मग ११ जुलै २०२५ ला पॅरिसच्या बैठकीत २१ देशांच्या समितीने शिक्कामोर्तब केलं. भारतातलं हे ४४ वं स्थळ. त्या ४४ मध्ये ३६ सांस्कृतिक, ७ नैसर्गिक आणि एकटं सिक्कीममधलं कांचनजंगा दोन्हीकडचं.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पन्हाळ्यावर राहतो. घराची एक भिंत गेल्या पावसात बसली, ती बांधायची म्हटलं तर लोक म्हणतात आता हात लावू नका, वारसा झालाय, उलट तुम्हालाच उठवतील. ताई, रात्री झोप लागत नाही हो. आम्हाला खरंच काढणार का? (एक वाचक, पन्हाळा)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आणि तुम्हाला "काही होत नाही, निर्धास्त राहा" असं म्हणून मोकळी होणार नाही, कारण ते अर्धंच खरं असेल.

आधी खरी बाजू. युनेस्को कुणालाही घरातून काढत नाही, त्यांना तो अधिकारच नाही. आणि माणसं राहतात म्हणून जागेचा दर्जा कमी होतो असंही नाही. जैसलमेरचा किल्ला २०१३ मध्ये यादीत आला, त्यात आजही लोक राहतात, दुकानं आहेत, चुली पेटतात. अहमदाबादची जुनी पोळांची वस्ती २०१७ ला आली, जयपूर २०१९ ला, तिथे तर आख्खी भरलेली शहरं आहेत. आपलं सीएसएमटी २००४ पासून यादीत आहे आणि तिथे रोज सकाळी काय गर्दी उसळते ते मुंबईकरांना विचारा. म्हणजे जिवंत वारसा ही काही नवीन गोष्ट नाही.

तुम्हाला जो नियम आडवा येतोय तो युनेस्कोचा नाहीच, तो आपला १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे आणि २०१० मध्ये त्यात कडक दुरुस्ती झाली. केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर म्हणजे प्रतिबंधित क्षेत्र, तिथे नवीन बांधकाम नाही म्हणजे नाही. त्याच्या पुढचे २०० मीटर म्हणजे विनियमित क्षेत्र, तिथे परवानगी घेऊन बांधता येतं. आणि मोजायचं कुठून, तर बुरुजापासून नाही, संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या जागेच्या हद्दीपासून. इथेच लोक फसतात. पन्हाळ्यासारख्या ठिकाणी तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी असं सगळं गावाच्या अंगाखांद्यावरच आहे, त्यामुळे अर्ध्या घरांना कुठला ना कुठला नियम लागतोच, आणि तो यादी यायच्या कितीतरी आधीपासून लागतोय.

पण तुमची भिंत. १०० मीटरच्या आतसुद्धा जे घर १६ जून १९९२ च्या आधीपासून उभं आहे त्याच्या दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. ही तारीख पाठ करून ठेवा. घर त्याआधीचं आहे हे दाखवायला जुनी घरपट्टीची पावती, सिटी सर्व्हेचा उतारा, लाईटबिल, जे काही सापडेल ते काढून ठेवा, आणि भिंतीचे आत्ताचे फोटो तारखेसकट घ्या. अर्ज त्या भागासाठी नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडे जातो, तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवतो, मग शिफारस येते. वेळ लागतो, हे खरंय. पण अर्ज न करता गवंडी लावलात आणि कुणी तक्रार केली तर मग दुरुस्तीची भिंत कायद्याच्या नजरेत अनधिकृत होते आणि तिथून पुढे भांडायला फार कमी जागा राहते. सार्वजनिक गटार, पाण्याची लाईन, सार्वजनिक संडास असल्या कामांना कायद्याने "बांधकाम" मध्ये धरलेलं नाही, तेव्हा नगरपरिषद त्या नावाखाली टाळाटाळ करत असेल तर हे दाखवा.

आता दुसरी बाजू. हंपीला विरूपाक्ष मंदिरासमोरच्या बाजारात वर्षानुवर्षं लोक राहत होते, दुकानं चालवत होते, २०११ मध्ये ती घरं-दुकानं पाडली गेली. ते युनेस्कोने पाडलं नाही, आपल्याच सरकारी यंत्रणेने पाडलं, पण वारसा हा शब्द तिथे वापरला गेलाच. म्हणून तुमची भीती खुळी आहे असं मी म्हणणार नाही. मात्र एक करा, गडाचा व्यवस्थापन आराखडा नावाचं कागदपत्र असतं, तो यादीसाठी द्यावाच लागतो, त्यात रहिवाशांबद्दल काय लिहिलंय ते लेखी मागा, माहिती अधिकारात मागा, एकट्याने नाही तर दहा घरांनी मिळून. गावाने विचारलं की उत्तर द्यावं लागतं, एकट्याने विचारलं की फाईल सापडत नाही.

लोणार सरोवर जागतिक वारसा आहे ना? मुलाच्या जीकेच्या पुस्तकात तसं लिहिलंय. (एक वाचक, बुलढाणा)

नाही. लोणार २०२० पासून रामसर स्थळ आहे, तो पाणथळ जागांचा वेगळा करार आहे, इराणमधल्या रामसर गावात झाला म्हणून ते नाव. पुस्तकात पेन्सिलने दुरुस्त करून द्या. उल्केने झालेलं, बेसाल्टमधलं, खारट पाण्याचं, २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालेलं, एवढं सगळं खरं लिहिता येत असताना खोटं कशाला लिहायचं कळत नाही.

कास पठार अभयारण्य आहे, राष्ट्रीय उद्यान आहे की व्याघ्र प्रकल्प? दर पाटीवर वेगळं नाव असतं. आणि आमच्या गुरांना तिथे चरायला का बंदी? (एक वाचक, सातारा तालुका)

यातलं एकही नाही! कास हे राखीव वन आहे. गोंधळ का होतो तर २०१२ मध्ये पश्चिम घाट यादीत आला तो सलग पट्टा म्हणून नाही, चार राज्यांतले ३९ तुकडे मिळून आला, आणि महाराष्ट्राच्या वाट्याचे तुकडे चार: कास, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य. म्हणजे वारसा यादीची टोपी चौघांना सारखी पण खालचा कायदा वेगवेगळा. त्यात कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पसुद्धा आहे, मग एकाच जंगलाच्या डोक्यावर तीन तीन टोप्या.

फरक साध्या भाषेत सांगायचा तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात कुणाचाही खाजगी हक्क राहत नाही, चराई बंद, लाकूडफाटा बंद. अभयारण्यात काही हक्क चालू ठेवता येतात, नियमात बसवून चराई होऊ शकते. चांदोलीतली गावं उठली ती या अशा भागात माणसाला जागा नाही म्हणूनच, आणि त्या माणसांची आठवण पाटीवर कुठे नसते हे मला तरी खटकतं.

कासच्या चराईचं मात्र प्रकरण जरा वेगळं आहे. त्या पठारावर कातळावर इंचभरसुद्धा माती नाही, तिथली फुलं नेमकी त्याच दरिद्री मातीला सरावलेली आहेत, आणि पर्यटक वाढले तसं फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून मध्यंतरी जाळीचं कुंपण घातलं होतं. मग अभ्यासक म्हणायला लागले की गुरं वर्षानुवर्षं चरत होती तेव्हा गवत आटोक्यात राहायचं आणि फुलांना उजेड मिळायचा, कुंपणाने उलटच व्हायला लागलं, आणि पुढे ती जाळी काढली. म्हणजे तुमच्या म्हशींची बाजू अगदीच कच्ची नाहीये. हंगामात पर्यटकांची संख्या ठरवणं, पार्किंग, फी हे सगळं आसपासच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्या बघतात, तिथे तुमच्या गावाचा माणूस आहे का बघा आणि चराईचा विषय तिथे काढा. पठारावरची टोपली कारवी ही झुडपं सात वर्षांनी एकदा फुलतात, पण समितीची मीटिंग त्याहून लवकर होते एवढं नक्की!

आमच्या जागेत सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, कोरलेली चित्रं आहेत, हत्तीसारखं काहीतरी आणि एक माणूस. बाजूला चिरेखाण सुरू होतेय. घरचे म्हणतात कुणाला सांगू नकोस, जमीन जाईल. सांगू की नको? (एक वाचक, राजापूर तालुका)

सांगा. पण शहाण्यासारखं सांगा.

कोकणातली कातळशिल्पं हल्लीहल्लीपर्यंत गावाबाहेर कुणाला माहीतच नव्हती, गावातली म्हातारी माणसं पांडवांनी काढली म्हणून सोडून द्यायची. आता त्यातली नऊ ठिकाणं २०२२ पासून भारताच्या टेंटेटिव्ह लिस्टवर आहेत, सात रत्नागिरी जिल्ह्यात (कशेळी, उक्षी, जांभरुण, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, रुंढे तळी), एक सिंधुदुर्गात कुडोपीला आणि एक गोव्यात. टेंटेटिव्ह म्हणजे इच्छुक, वर सांगितलं तसं. तेवढ्याने चिऱ्याचं एक मशीनही थांबत नाही, हे लक्षात घ्या. जांभ्याचा सडा खाणवाल्याला चिरा दिसतो आणि मशीन एकदा फिरलं की हजारो वर्षांचं रेखाटन घराच्या जोत्यात जाऊन बसतं, आणि ते मुद्दाम कुणी करतं असं नाही, त्याला ते दिसतच नाही, चित्र एवढं मोठं असतं की जवळून नुसती खाच वाटते.

म्हणून आधी फोटो काढा, शक्यतो सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर, भर दुपारी सावली पडत नाही त्यामुळे रेषा उठत नाही. शेजारी मोजपट्टी किंवा छत्री ठेवा म्हणजे आकार कळेल. खडूने रेषा भरू नका, हे हात जोडून सांगते, लोक रील करायला रंग भरतात. मग राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या रत्नागिरी कार्यालयाला लेखी कळवा, पोच घ्या आणि एक प्रत तहसीलदाराला द्या, कारण खाणीची परवानगी महसूल खात्याच्या हातात असते आणि थांबवायचं झालं तर पहिला कागद तिथूनच निघतो.

जमीन जाईल का? कातळशिल्प सापडलं म्हणून सातबारा आपोआप बदलत नाही. स्मारक राज्य संरक्षित जाहीर करायचं तर आधी अधिसूचना निघते, हरकती मागवतात, तेव्हा तुम्हाला बोलायला मिळतं. आणि मालकी जमीनमालकाकडेच ठेवून तिथे काय करायचं नाही याचा करार करायची सोय कायद्यात आहे, पण ती कुणी आपणहून सांगत नाही, तुम्हीच विचारा. वापरावर बंधन येईल, हे मात्र खोटं बोलून लपवत नाही. तेवढ्या तुकड्यात काजू लावता येणार नाही. तसाही कातळावर काजू कुठे धरतोय.

शाळेच्या सहलीत मुलाने गडाच्या दरवाजावर नाव कोरलं. सरांनी फोटो पाठवला. शिक्षा काय असते हो? (एक आई, पुणे)

कायद्याचं ऐका मग घाबरा: केंद्राच्या स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लहान मुलाला कुणी तुरुंगात टाकत नाही. पण तुम्ही ते घासून काढायला किंवा वर चुना फासायला जाऊ नका, त्याने अजून नुकसान होतं, ते काम रसायनवाल्या लोकांचं आहे. त्याला परत त्याच गडावर न्या आणि तिथे जी मुलं सुट्टीच्या दिवशी कचरा गोळा करत असतात त्यांच्याबरोबर पाठीवर पोतं घेऊन उतरू द्या, कदाचित ते एक लाखापेक्षा महाग पडेल.

आता यादीत आलोच आहोत तर एखाद्या गडावर रोपवे, रुंद रस्ता, खाली मोठं हॉटेल झालं तर बिघडलं कुठे? एकदा दिलेला दर्जा काढून थोडीच घेतात? (एक वाचक, नाशिक)

काढून घेतात. आत्तापर्यंत तिघांचा घेतलाय. ओमानने अरबी हरणांच्या अभयारण्याचं क्षेत्र ९० टक्क्यांनी कमी केलं, २००७ मध्ये नाव गेलं. जर्मनीत ड्रेस्डेनला एल्बे नदीवर चौपदरी पूल बांधायचा होता, ट्रॅफिकचा प्रश्न खरा होता, लोकांनी मतदानसुद्धा पुलाच्या बाजूने केलं, युनेस्को म्हणालं पूल बांधाल तर नाव जाईल, त्यांनी बांधला, २००९ मध्ये गेलं. आणि लिव्हरपूल, २०२१, बंदराच्या काठाला टोलेजंग बांधकामं आणि स्टेडियम.

आपल्याकडे त्या टोकाला कुणी गेलं नाही, पण धोक्याच्या यादीत, म्हणजे दर्जा जायच्या आधी युनेस्को इशारा म्हणून ज्या यादीत टाकतं तिथे, दोघे जाऊन आलेत. हंपीला तुंगभद्रेवर दोन झुलते पूल बांधायला काढले म्हणून १९९९ ते २००६ हंपी त्या यादीत होतं, त्यातला आनेगुंदीचा पूल २००९ मध्ये बांधता बांधताच कोसळला, माणसं गेली. आणि आसामचं मानस १९९२ ते २०११, तिथे आंदोलनाच्या काळात जंगलावर कुणाचा ताबाच राहिला नव्हता, गेंडे संपले. पुढे दुसऱ्या जंगलातून गेंडे आणून सोडले, पहारे बसवले, तेव्हा कुठे नाव सुटलं. मला मानस फार आवडतं ते याच्यासाठी.

रोपवे सरसकट वाईट असं माझं म्हणणं नाही, रायगडाला आहे की, आणि म्हाताऱ्या माणसांना महाराजांची समाधी बघता येते ती त्यामुळेच. प्रश्न कुठे आणि केवढा एवढाच असतो. किल्ल्यांना दर्जा मिळालाय तो भिंतींना नाही, डोंगर, घाट, किनारा, बेट बघून तिथल्या तिथे गड कसा बसवला त्या अकलेला मिळालाय. राजगडाच्या माचीवरून दिसणारा मोकळा डोंगर हा त्या दर्जाचा भाग आहे. तिथे समोर दहा मजली हॉटेल आलं तर एकही चिरा न हलवता गड बिघडतो. मोठं काम काढायच्या आधी त्याचा वारशावर काय परिणाम होईल याचा अभ्यास करून कळवावं लागतं, हे तुमच्या आमदारांच्या कानावर घाला.

दिवाळीत अजिंठा-वेरूळ एका दिवसात होईल का? तिकीट किती? (एक वाचक, सोलापूर)

नका करू एका दिवसात. दोन्हींच्या मध्ये शंभरेक किलोमीटर आहेत आणि अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून पुढे एसटीच्या बसने जावं लागतं, त्या रांगेतच तास जातो. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, त्यामुळे सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असं लावलंत तर बरोबर बसतं, उलटं लावलंत तर दोन्ही दारं बंद, आमच्या शेजारच्या कुटुंबाचं अगदी हेच झालं होतं. भारतीयांना तिकीट ४० रुपये, ऑनलाइन काढलं तर ३५, आणि १५ वर्षांखालच्या मुलांना नाही. अजिंठ्यात चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही आणि आत अंधार असतो, तेव्हा शिरल्या शिरल्या मोबाईल बाहेर काढण्यापेक्षा दोन मिनिटं नुसते उभे राहा, डोळे सरावले की भिंत आपोआप दिसायला लागते. वेरूळला कैलास, म्हणजे १६ नंबर, सगळ्यात आधी सकाळी उरकून घ्या, अकरानंतर सहलींच्या बस येतात.